लेफ्ट जॉइनमध्ये उजवं टेबल गायब होत नाही

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत दोन टेबलं जोडण्याचा एक प्रकार म्हणजे लेफ्ट जॉइन. ‘तो लावला की फक्त डाव्या टेबलचा डेटा येतो’ हा समज चुकीचा आहे. कोणते कॉलम दिसणार हे क्वेरीतलं सिलेक्ट ठरवतं. जॉइन ठरवतो ओळी. डावीकडची प्रत्येक ओळ राहते. उजवीकडे जोडी सापडली तर तिची मूल्यं शेजारी येतात, नाहीतर नल, म्हणजे मूल्य नसल्याची खूण. समजा डावीकडे ग्राहक आणि उजवीकडे ऑर्डर आहेत; एका ग्राहकाच्या ३ ऑर्डर असतील तर तो ३ वेळा दिसतो, म्हणजे ओळी डाव्या टेबलाइतक्याच येतात हेही खरं नाही.

खरी गोची व्हेअरमध्ये, म्हणजे जोडून झालेल्या ओळी अटीनुसार गाळणाऱ्या भागात आहे. ‘ऑर्डरची रक्कम ५०० पेक्षा जास्त’ अशी उजव्या टेबलावरची अट तिथे टाकली, की नलवाल्या ओळी गळतात आणि लेफ्ट जॉइन गुपचूप इनर जॉइन, म्हणजे फक्त जोडी सापडलेल्या ओळी ठेवणारा, होऊन बसतो. ऑर्डर नसलेले ग्राहकही हवे असतील तर ती अट ऑनमध्ये, म्हणजे जोडी कशी जुळवायची ते सांगणाऱ्या भागात लिहा.