आपण जिंकलो, ते हरले

२७ सप्टेंबर २०२४ ला डेट्रॉइटच्या मैदानावर शिकागो व्हाइट सॉक्स ४-१ ने हरले, आणि तो त्यांचा त्या सीझनमधला १२१ वा पराभव होता. १९०१ पासूनच्या बेसबॉलमध्ये एका सीझनमध्ये इतक्या मॅच कुठलीच टीम हरली नव्हती, आधीचा रेकॉर्ड १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा, १२० चा. गंमत म्हणजे त्याच मॅचमुळे डेट्रॉइटची टीम २०१४ नंतर पहिल्यांदाच प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, पोचली, म्हणजे एकाच मैदानावर एकीकडे शॅम्पेन आणि दुसरीकडे इतिहासातली सगळ्यात वाईट नोंद.

ज्यांनी बेसबॉल कधी बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत प्रत्येक टीम १६२ मॅच खेळते, म्हणजे जवळजवळ रोज एक. त्यामुळे हरणं हा रोजच्या जगण्याचाच भाग असतो, त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे शेवटचं विजेतेपद, जिंकणारे लॉस एंजेलिस डॉजर्स सीझनमध्ये ६४ मॅच हरले होते. आणि रोज मॅच म्हटल्यावर रोज वाद पण आलाच. मॅनेजरला (म्हणजे मुख्य कोचला) काढा, मालकाने टीम विकून टाकावी, पोरं मन लावून खेळत नाहीत, नाही हो नशीबच फुटकं आहे, अंपायर विकले गेलेत, समोरचे चीटिंग करतायत. मला हे वाद मनापासून आवडतात, कारण त्यातल्या बऱ्याच प्रश्नांना चक्क उत्तरं आहेत, आकड्यांतून काढलेली, आणि जिथे आकडे पुरत नाहीत तिथे माणसाच्या मेंदूबद्दल फार काही कळतं.

आधी नशिबाचं बघू. एक नाणं १६२ वेळा उडवलं तर सरासरी ८१ वेळा छापा येईल हे आपल्याला माहीत असतं, पण सरासरीपासून किती लांब जाणं नॉर्मल आहे ते सहसा कोणी विचारत नाही. गणित सांगतं की साधारण दोन तृतीयांश वेळा आकडा ७५ ते ८७ च्या मध्ये पडेल, आणि शंभरातल्या पाच वेळा तर ६९ च्या खाली किंवा ९३ च्या वर पण जाईल. म्हणजे समजा अगदी मध्यम कुवतीची टीम आहे, ना चांगली ना वाईट, तिने काहीच न बदलता एका वर्षी ७४ मॅच जिंकल्या आणि पुढच्या वर्षी ८८, तर ते नुसत्या योगायोगानेसुद्धा होऊ शकतं. पहिल्या वर्षी तिच्या मॅनेजरची नोकरी जाते आणि दुसऱ्या वर्षी नव्या मॅनेजरची मुलाखत छापून येते.

व्हाइट सॉक्सच्या बाबतीत मात्र नुसत्या नशिबाला दोष देता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ते सलग २१ मॅच हरले. मी कागद-पेन घेऊन हिशोब केला, शाळेतल्या संभाव्यतेच्या धड्यातलाच आहे, फक्त प्रत्येक मॅच आधीच्या मॅचपासून स्वतंत्र आहे असं धरायचं. मध्यम टीमवर, म्हणजे जिची जिंकायची शक्यता ५० टक्के, एका सीझनमध्ये सलग २१ पराभवांची वेळ येण्याची शक्यता जवळपास तीस हजारात एक निघते. ३० टक्के वेळा जिंकणाऱ्या टीमसाठी तीच शक्यता चाळीसात एक होते आणि २५ टक्केवालीसाठी बारात एक. बघा, कुवत थोडी खाली गेली की लांबलचक पराभवांची शक्यता कशी धडाधड वाढते. त्यामुळे तेव्हा जे लोक म्हणत होते की पोरांनी हत्यारं टाकलीत, खेळायची इच्छाच मेलीय, त्यांना एवढंच म्हणता येईल की त्यासाठी इच्छा मरायची गरज नाही, टीम खरोखर इतकी कच्ची असेल तर इतकी लांब माळ आपोआप लागू शकते. खेळाडूंच्या मनात काय चाललं होतं ते या २१ पराभवांवरून ठरवता येत नाही.

माळ ६ ऑगस्टला तुटली आणि ८ ऑगस्टला मॅनेजर पेड्रो ग्रिफोल यांना काढलं. तोपर्यंतचा हिशोब २८ विजय, ८९ पराभव. त्यांच्या जागी आलेल्या ग्रेडी साइझमोर यांच्या हाताखाली उरलेल्या ४५ मॅचमध्ये १३ विजय, ३२ पराभव. टक्केवारीत मांडलं तर २४ वरून २९, म्हणजे सुधारणा झाली! झाली का पण? जुन्याच वेगाने खेळले असते तर त्या ४५ मॅचमध्ये ११ च्या आसपास जिंकले असते. ११ आणि १३ मधला फरक म्हणजे दोन मॅच, आणि एवढ्या छोट्या सॅम्पलमध्ये तीनचा फरक इकडे तिकडे सहज होतो. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. माणसाला काढायची वेळ सगळं अगदी तळाला गेल्यावरच येते, आणि तळाला गेलेली गोष्ट काही केलं नाही तरी थोडी वर येते, मग श्रेय मिळतं जो त्या वेळी खुर्चीत बसलेला असतो त्याला. आपल्याकडे ताप सगळ्यात जास्त चढल्यावर डॉक्टरकडे जायचं आणि दुसऱ्या दिवशी उतरला की शेवटच्या गोळीचा गुण म्हणायचं, तसंच आहे हे.

यावर बेसबॉलवाल्यांनी एक सुंदर उपाय काढलाय. बिल जेम्स नावाचा एक चाहता, खरोखरच चाहता, कुठल्याही टीमचा नोकर नसताना आकड्यांच्या मागे लागला आणि त्याने दाखवलं की टीम खरंच कशी आहे हे बघायचं तर जिंकलेल्या मॅच मोजण्यापेक्षा केलेले रन आणि दिलेले रन बघा. केलेल्या रनचा वर्ग घ्यायचा, दिलेल्या रनचा वर्ग घ्यायचा, दोन्हींच्या बेरजेत पहिल्याचा वाटा किती ते काढायचं, तोच साधारण जिंकण्याचा वाटा. वर्ग आहेत म्हणून त्याला पायथागोरसचं नाव चिकटलं, त्रिकोणाशी काही संबंध नाही. व्हाइट सॉक्सनी ५०७ रन केले, ८१३ दिले. या सूत्राने ४५ विजय येतात, वर्गाच्या जागी थोडा छोटा घात वापरणाऱ्या सुधारित सूत्राने ४८. प्रत्यक्षात ४१. म्हणजे नशिबाने चार-सात मॅचचा फटका दिला हे खरं, पण नशीब अगदी सरळ असतं तरी टीम शंभराच्या वरच हरली असती. 'नशीब फुटकं' आणि 'टीम भिकार' असे दोन गट भांडत होते ना, दोघंही बरोबर होते, फक्त कोण किती बरोबर ते मोजता येतं. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, ते ६०-१०२ वर आले.

आता मेंदूकडे. मराठीत आपण किती सहज बोलतो बघा, 'काल आपण जिंकलो', आणि दुसऱ्या दिवशी 'काल ते हरले'. हे फक्त आपल्याकडेच नाही. १९७६ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत मोजून बघितलं की शनिवारी कॉलेजची फुटबॉल टीम जिंकली की सोमवारी वर्गात कॉलेजच्या नावाचे टीशर्ट जास्त दिसतात, आणि फोनवर विचारलं तर विजयाचं वर्णन 'आपण' म्हणून आणि पराभवाचं 'ते' म्हणून करण्याकडे पोरांचा कल असतो. दुसऱ्याच्या यशाच्या उन्हात बसायचं आणि सावली आली की उठायचं.

पण मग जे उठतच नाहीत त्यांचं काय? शिकागोत २०२४ च्या सीझनच्या शेवटच्या आठवड्यातही लोक आले, तिकीट काढून, आणि टीम विका म्हणून ओरडले. त्याच्या आदल्या वर्षी, १३ जून २०२३ ला, ओकलंडमध्ये तर उलटा बहिष्कारच झाला. मालक टीम लास वेगासला हलवायला निघालेला, टीम इतकी रया गेलेली की वर्षाअखेरीस ११२ पराभव, स्टेडियम एरवी रिकामं. मालकाचं म्हणणं काय, तर इथे प्रेक्षकच येत नाहीत. तर चाहत्यांनी ठरवलं की एक दिवस सगळ्यांनी यायचं. २७,७५९ लोक आले, हिरवे टीशर्ट घालून, त्यावर एकच शब्द, 'सेल', म्हणजे विकून टाक. आणि त्या दिवशी टीमने त्या घडीला सगळ्यात जोरात असलेल्या टँपा बेला २-१ ने हरवलं, सलग सातवा विजय.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडलेलं इथे चपखल बसतं. एखादी गोष्ट बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात, सोडून जायचं किंवा आवाज करायचा, आणि निष्ठा ही अशी चीज आहे की ती सोडून जाऊ देत नाही म्हणून आवाज वाढतो. साबण बिघडला तर आपण दुसरा घेतो, टीम बिघडली तर दुसरी घेता येत नाही. म्हणून मला चाहत्यांच्या भांडणाला रिकामटेकडे उद्योग म्हणणारे लोक पटत नाहीत. ओकलंडची टीम शेवटी गेलीच, २६ सप्टेंबर २०२४ ला तिथली शेवटची मॅच झाली, ४६,८८९ लोक होते.

निष्ठेची दुसरी बाजू पण आहे, ती डोळ्यांवर बसते. १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन कॉलेजांत अमेरिकन फुटबॉलची एक भयंकर मॅच झाली, एकाचं नाक फुटलं, एकाचा पाय मोडला. नंतर हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या मॅचची तीच फिल्म दाखवून फाउल मोजायला सांगितले. प्रिन्स्टनवाल्यांना डार्टमथचे सरासरी ९.८ फाउल दिसले, डार्टमथवाल्यांना स्वतःचे ४.३. फिल्म तीच. ते खोटं बोलत नव्हते हो, त्यांना खरंच तेवढेच दिसले. आणि २०११ मध्ये मीना सिकारा यांच्या टीमने बॉस्टन रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क यँकीजच्या कट्टर चाहत्यांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून मॅचचे प्रसंग दाखवले, तेव्हा प्रतिस्पर्धी फसला की मेंदूतला बक्षीस मिळाल्यावर चेतणारा भाग चेतायचा, अगदी तो प्रतिस्पर्धी तिसऱ्याच टीमशी खेळत असताना फसला तरीसुद्धा.

अशा डोळ्यांनी चीटिंगचा निवाडा करायचा म्हणजे अवघडच. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचं प्रकरण म्हणूनच मला इतकं मोलाचं वाटतं. ही टीम २०११, २०१२, २०१३ अशी तीन वर्षं अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ मॅच हरलेली, नवी टीम बांधायची म्हणून चाहत्यांनी ते सगळं सोसलेलं, आणि २०१७ मध्ये त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये बाहेर आलं की २०१७ मध्ये घरच्या मैदानावर, समोरचा कॅचर आपल्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, कुठला चेंडू टाकायचा ते ज्या खुणांनी सांगतो त्या कॅमेऱ्यातून बघायच्या आणि आपल्या बॅटरला कळावं म्हणून डगआउटजवळच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेजवळच्या, कचऱ्याच्या डब्यावर ठोके मारायचे असा उद्योग चालायचा. ठोका म्हणजे संथ किंवा वळणारा चेंडू, शांतता म्हणजे फास्टबॉल. ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू बॅटरपर्यंत साधारण ०.४ सेकंदात पोचतो, त्यातला बराचसा वेळ बॅट फिरवण्यातच जातो, म्हणजे ठरवायला उरतो डोळ्याची पापणी लवायचा वेळ. पुढे काय येणार हे आधीच कळलं तर काय होईल ते सांगायला नको. सप्टेंबर २०१७ मध्ये एका पिचरच्या हे लक्षात पण आलं होतं, डॅनी फार्कर, आणि तो होता व्हाइट सॉक्सचा. प्रत्येक चेंजअपच्या, म्हणजे मुद्दाम संथ टाकलेल्या चेंडूच्या, आधी ठोका ऐकू येतोय म्हणून त्याने कॅचरला बोलावून खुणा बदलल्या, आणि ठोके थांबले.

लीगने जानेवारी २०२० मध्ये शिक्षा दिल्या, ५० लाख डॉलर दंड, मॅनेजर आणि जनरल मॅनेजरवर वर्षभराची बंदी, नवे खेळाडू निवडायचे काही हक्क गेले, पण साक्षीच्या बदल्यात अभय दिल्यामुळे खेळाडूंना काहीच नाही. आणि मग ह्यूस्टनच्याच एका चाहत्याने, पेशाने वेब डेव्हलपर, जे केलं ते बघा. त्याने २०१७ च्या घरच्या ५८ मॅचचे व्हिडिओ घेतले, प्रत्येक चेंडूच्या आधीच्या आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम काढला, म्हणजे आवाजातल्या वेगवेगळ्या कंपनसंख्या वेळेनुसार पसरवून दाखवणारं चित्र, त्यात ठोका उठून दिसतो. मग ८,२७४ चेंडू एक एक करून तपासले, स्वतः बसून ऐकून. ठोके सापडले १,१४३. आपल्याच टीमच्या विरोधात, जिच्यावर जीव आहे तिच्या. आणि सगळी माहिती त्याने सगळ्यांसाठी खुली टाकली.

त्या तक्त्यात अजून एक गोष्ट होती. होजे अल्टुवे, २०१७ चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, टीमचा चेहरा, त्याच्या वाट्याच्या चेंडूंपैकी तीन टक्क्यांहून कमी चेंडूंवर ठोका होता, काही सहकाऱ्यांच्या तुलनेत नगण्य. २०२० मध्ये कोविडमुळे स्टेडियम रिकामी होती, २०२१ मध्ये लोक परतले तेव्हा न्यूयॉर्कपासून लॉस एंजेलिसपर्यंत सगळ्यात जास्त हुर्यो अल्टुवेचीच उडवली गेली, आणि अजूनही उडते. बाकी देशातले चाहते वाद घालताना १,१४३ हा आकडा तोंडावर मारतात आणि ह्यूस्टनवाले अल्टुवेचे तीन टक्के, आणि दोघंही तोच एक तक्ता उघडून बसलेले असतात.