वह्य

वह्य म्हणजे अल्लाहकडून प्रेषितांना मिळणारा संदेश आणि तो मिळत असतानाची अवस्थाही. मराठी मुसलमानांच्या बोलण्यात उर्दूच्या वळणाने ‘वही’ हे रूप आढळते. मुहंमद पैगंबरांना (सु. ५७०–६३२) सुमारे तेवीस वर्षे वह्य येत होती, त्यांतली तेरा वर्षे मक्केतील आणि दहा मदीनेतील, असे सामान्यतः मानतात. मक्केतील काळ दहाच वर्षांचा धरणाऱ्या परंपराही जुन्या हदीस-संग्रहांत (हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींचे कथन) आहेत. वह्य थांबली होती तो मधला खंड वगळल्यामुळे ही तफावत पडली असावी. वह्य पैगंबरांना प्रत्यक्ष कशी अनुभवास येई आणि भोवतालच्यांना त्या वेळी काय दिसे, एवढाच या नोंदीचा विषय आहे. कुराणाचे संकलन आणि पाठभेद हे विषय वेगळे आहेत.

कुराणात हा शब्द प्रेषितांपुरता मर्यादित नाही. मधमाशीला डोंगरांत घरे करण्याची मिळालेली बुद्धी (१६:६८, म्हणजे सोळाव्या अध्यायातील अडुसष्टावी आयत किंवा वचन), तान्ह्या मूसाला (मोझेस) नदीत सोडण्याविषयी त्याच्या आईला झालेली सूचना (२८:७), प्रेषित जकरियांनी न बोलता लोकांना केलेली खूण (१९:११), सैतानांनी आपल्या साथीदारांच्या कानी लावलेले बोल (६:१२१) या सर्वांना तोच धातू वापरला आहे. त्वरेने आणि इतरांच्या नकळत पोचवणे, हा या सर्वांतील समान भाग भाष्यकारांनी दाखवला आहे. अल्लाह माणसाशी बोलतो ते केवळ तीन प्रकारे, असे ४२:५१ या आयतीत म्हटले आहे : वह्यीने, पडद्याआडून, किंवा दूत पाठवून. मूसाशी झालेले बोलणे दुसऱ्या प्रकारात मोडते. पैगंबरांच्या बाबतीत तिसरा प्रकार, म्हणजे देवदूत जिब्रील यांच्याकरवी आलेला संदेश, प्रमुख होय. कुराणाचे अवतरण याच मार्गाने झाले, हे बहुमान्य मत आहे.

प्रारंभ : अनुभवाची सुरुवात स्वप्नांनी झाली. पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्या कथनानुसार पैगंबरांना पडणारी स्वप्ने पहाट फुटावी तशी स्वच्छ खरी ठरत. पुढे त्यांना एकांत प्रिय झाला आणि मक्केजवळच्या, पुढे जबल अन्-नूर म्हणून ओळखल्या गेलेल्या डोंगरावरील हिरा गुहेत ते रात्रीच्या रात्री उपासनेत घालवू लागले. वयाच्या चाळिसाव्या वर्षी, इ. स. ६१०च्या सुमारास, रमजान महिन्यात तेथे देवदूत आला. ‘वाच’ असे त्याने सांगितले. ‘मी वाचणारा नव्हे’ असे उत्तर मिळाले. मग त्याने त्यांना सहनशक्तीची सीमा गाठेपर्यंत आवळून धरले व सोडले. असे तीनदा झाल्यावर ९६व्या अध्यायाच्या आरंभीच्या आयती त्याने ऐकवल्या. पैगंबर थरथरत घरी आले आणि ‘मला पांघरूण घाला’ असे पत्नी खदीजा यांना म्हणाले. खदीजांचे चुलतबंधू वरका बिन नौफल हे ख्रिस्ती झालेले, धर्मग्रंथ जाणणारे वृद्ध गृहस्थ होते. मूसाकडे आला तोच हा नामूस (वह्य आणणारा देवदूत), असा निर्वाळा त्यांनी दिला. तिथीबद्दल एकवाक्यता नाही. सोमवार बहुतेकांना मान्य आहे, रमजानची तारीख मात्र १७, २१, २४ अशी निरनिराळी दिली जाते.

वरील वृत्तांत बुखारी (मृ. ८७०) यांच्या संग्रहात उर्वा व जुहरी या निवेदकांच्या परंपरेने आला आहे. त्यांच्या शतकभर आधीच्या इब्न इसहाक (मृ. सु. ७६७) यांनी उबैद बिन उमैर यांच्याकडून आलेला वृत्तांत दिला असून त्यात हा प्रसंग झोपेत घडतो. देवदूत लिखित मजकूर असलेले रेशमी वस्त्र घेऊन येतो आणि जाग आल्यावर ते शब्द हृदयावर कोरल्यासारखे वाटतात. त्यानंतर पैगंबर बाहेर पडतात, तेव्हा जिब्रील क्षितिजावर मनुष्यरूपात उभे असलेले दिसतात व जिकडे पाहावे तिकडे तेच दिसतात. आधी स्वप्नात आणि मग जागेपणी असे दोनदा घडले असावे, असा मेळ सुहैली (मृ. ११८५) यांनी घातला. उबैद यांनी स्वतः पैगंबरांकडून ऐकलेले नाही, ही त्या परंपरेची उणीव आहे. पण आयेशाही त्या वेळी जन्मल्या नव्हत्या. त्यांचे कथन पुढे पैगंबरांकडूनच ऐकलेले असणार, म्हणून त्याला प्राधान्य देणे योग्य ठरते. पहिले अवतरण ७४व्या अध्यायाचे, असे पैगंबरांचे सहकारी जाबिर बिन अब्दुल्लाह सांगत. त्यांच्याच कथनात ‘हिरा येथे आला होता तोच देवदूत’ असा उल्लेख येत असल्याने ते खंडानंतरचे पहिले अवतरण समजतात.

या खंडाला फत्रा म्हणतात. तो काही दिवसांचा होता, असे काही मानतात. काही तो तीन वर्षांपर्यंत नेतात. या काळात पैगंबर इतके व्याकूळ झाले की डोंगरकड्यांवरून स्वतःला झोकून देण्याचा विचार त्यांच्या मनात येई आणि जिब्रील प्रकट होऊन त्यांना धीर देत, असा मजकूर बुखारींच्या संग्रहात एका ठिकाणी आहे. मात्र जुहरींनी तो ‘आमच्यापर्यंत असे पोचले आहे’ एवढ्याच आधारावर जोडला आहे. मूळ कथनाइतके वजन त्याला देता येत नाही.

घंटेचा नाद : वह्यीच्या अनुभवाचे पैगंबरांच्या स्वतःच्या शब्दांतील सर्वांत महत्त्वाचे वर्णन हारिस बिन हिशाम यांच्या प्रश्नामुळे मिळाले. हारिस हे पैगंबरांचा कट्टर विरोधक अबू जहल याचे भाऊ; मक्का जिंकली गेली तेव्हा (६३०) ते मुसलमान झाले. ‘आपल्याकडे वह्य कशी येते?’ असे त्यांनी विचारले. ‘कधी ती घंटेच्या निनादासारखी येते आणि हा प्रकार मला सर्वांत जड जातो. तो सरतो तेव्हा सांगितलेले मी आत्मसात केलेले असते. कधी देवदूत पुरुषरूपात येऊन माझ्याशी बोलतो आणि तो बोलतो ते मी आत्मसात करतो,’ असे उत्तर त्यांना मिळाले. आयेशा पुढे सांगतात, की कडाक्याच्या थंडीतही वह्य सरल्यावर त्यांच्या कपाळावरून घाम निथळताना मी पाहिला आहे. बुखारींनी आपल्या संग्रहात हे कथन दुसऱ्याच क्रमांकावर घेतले आहे.

हदीसच्या भाष्यकारांनी या छोट्या उत्तराचा जितका कीस काढला तितका क्वचितच कशाचा काढला असेल. पहिली अडचण उपमेची. ज्या काफिल्यात घंटा असेल त्याच्यासोबत देवदूत राहत नाहीत, असे दुसऱ्या हदीसमध्ये आहे. मग निंद्य वस्तूची उपमा पवित्र गोष्टीला कशी? इब्न हजर (मृ. १४४९) यांनी उत्तर दिले, की उपमेत सर्व गुण जुळावे लागत नाहीत. येथे नादाचे बळ आणि अखंडपणा एवढाच साम्याचा भाग आहे. दुसरा प्रश्न हा नाद कशाचा, याचा. खत्ताबी (मृ. ९९८) यांच्या मते तो एकामागून एक येणारा ध्वनी होता, प्रथम कानी पडताना तो उमगत नसे, नंतर उमगे. काहींनी तो देवदूताच्या पंखांचा मानला आणि इतर सर्व आवाज कानांतून निघून जाऊन तेथे वह्यीलाच जागा उरावी, हा त्याचा हेतू सांगितला. आकाशात अल्लाहचा निर्णय होतो तेव्हा देवदूतांच्या पंखांचा ध्वनी गुळगुळीत खडकावरून साखळी ओढल्यासारखा येतो, या दुसऱ्या हदीसशी हे मत जुळते. तिसरी अडचण पैगंबरांचे सहकारी उमर यांच्याकडून आलेल्या कथनाची : वह्य येई तेव्हा पैगंबरांच्या मुखाजवळ मधमाश्यांच्या गुंजारवासारखा आवाज ऐकू येई. घंटा आणि गुंजारव यांत विरोध नाही, कारण घंटा पैगंबरांच्या कानी आणि गुंजारव जवळ बसलेल्यांच्या कानी, असे इब्न हजर म्हणतात. उमर यांच्या कथनाची परंपरा हारिस यांच्या कथनाइतकी भक्कम नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

हा प्रकार अधिक जड का, यावर दिलेले एक उत्तर विशेष विचारार्ह आहे. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात काहीतरी समान झाल्याशिवाय संवाद होत नाही. पुरुषरूपाच्या प्रकारात देवदूत मानवी पातळीवर उतरतो. घंटेच्या प्रकारात मानवालाच देवदूताच्या पातळीवर जावे लागते आणि त्याचा ताण देहावर येतो. उत्तरातील क्रियापदांच्या काळाकडेही भाष्यकारांनी लक्ष वेधले आहे. पहिल्या प्रकारात ‘आत्मसात केलेले असते’ असा पूर्ण भूतकाळ आहे, दुसऱ्यात बोलणे आणि ग्रहण करणे बरोबरच चालते. म्हणजे घंटेच्या अवस्थेत आशय क्रमाने ऐकला जात नव्हता, अवस्था सरताच तो पूर्णत्वाने हाती असे. प्रस्तुत लेखकाला हा मुद्दा उपमेच्या चर्चेपेक्षा मोलाचा वाटतो, कारण अनुभवाच्या अंतरंगाविषयी पैगंबरांनी स्वतः सांगितलेले फार थोडे उपलब्ध आहे आणि त्या थोड्यातला हा भाग आहे.

बाह्य लक्षणे : सहवासात असलेल्यांची निरीक्षणे पुष्कळ आहेत. जैद बिन साबित हे वह्य लिहून घेणाऱ्यांपैकी होते. ४:९५ या आयतीत अंध इब्न उम्म मक्तूम यांच्या प्रश्नावरून लढाईला न जाणाऱ्यांतून अपंगांना वगळणारे अपवादाचे शब्द अवतरले, तेव्हा पैगंबरांची मांडी जैद यांच्या मांडीवर होती. ती इतकी जड झाली की आपली मांडी मोडेल अशी भीती वाटली, असे ते सांगतात. याला बिन उमय्या यांना वह्य उतरताना पाहायची फार इच्छा होती. मक्केजवळच्या जिअराना येथे एका माणसाने उम्र्याविषयी (मक्केची लहान यात्रा) प्रश्न विचारला असताना पैगंबरांवर वस्त्राची सावली धरलेली होती. उमर यांनी खूण केल्यावर याला यांनी आत डोकावून पाहिले. चेहरा लाल झालेला आणि घोरण्यासारखा श्वास, असे त्यांना दिसले. काही वेळाने ती अवस्था सरली आणि पैगंबरांनी प्रश्नकर्त्याला बोलावून त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. उबादा बिन सामित चेहऱ्याचा रंग पालटल्याचे सांगतात. आयेशांवरील आळ खोटा ठरवणाऱ्या आयती आल्या त्या दिवशी हिवाळा असूनही मोत्यांसारखे घर्मबिंदू ओघळत होते. ‘आम्ही तुझ्यावर जड वचन टाकणार आहोत’ या ७३:५ मधील वाक्याचा अर्थ अनेक भाष्यकार या भाराशीही जोडतात.

देवदूताचे दर्शन : मनुष्यरूपातील जिब्रील पुष्कळदा दिह्या अल्-कल्बी या देखण्या सहकाऱ्याच्या रूपात येत. एकदा शुभ्र वस्त्रांचा, काळ्याभोर केसांचा अनोळखी प्रवासी येऊन सर्वांसमक्ष श्रद्धा आणि आचरण यांविषयी प्रश्न विचारून गेला. ते जिब्रील होते, असे पैगंबरांनी नंतर उमर यांना सांगितले. मूळ रूपात त्यांचे दर्शन दोनदाच झाले, असे आयेशा म्हणतात. इब्न मसऊद यांच्या कथनात सहाशे पंखांचा उल्लेख आहे. ५३व्या अध्यायातील ‘दोन धनुष्यांइतके किंवा त्याहून जवळ’ आलेला कोण, जिब्रील की स्वतः अल्लाह, हा जुना वाद आहे. इब्न अब्बास यांच्याकडून आलेल्या मतानुसार पैगंबरांनी आपल्या प्रभूला पाहिले, काही पाठांत ‘हृदयाने’ पाहिले. आयेशा यांनी हे ठामपणे नाकारले. ८१:२३ मधील ‘स्पष्ट क्षितिजावर’ झालेल्या दर्शनाशी ताडून पाहता आयेशांचे म्हणणे अधिक सुसंगत दिसते.

निद्रेत कुराण अवतरले काय, हा प्रश्न १०८व्या अध्यायावरून निघतो. पैगंबरांना डुलकी लागल्यासारखे झाले, मग हसत मान वर करून आत्ताच एक अध्याय आला असे त्यांनी सांगितले, असे अनस यांचे कथन मुस्लिम यांच्या संग्रहात आहे. ती झोप नसून वह्यीच्या वेळची भारावलेली अवस्था असावी, हे राफिई (मृ. १२२६) यांचे मत सुयूती (मृ. १५०५) यांनी उद्धृत केले आहे.

ग्रहण आणि स्मरण : प्रारंभी पैगंबर शब्द निसटू नयेत म्हणून जिब्रील यांच्याबरोबर घाईने ओठ हलवीत. तसे न करण्याची आज्ञा ७५:१६–१९ मध्ये आहे. जमवणे आणि वाचून घेणे ही अल्लाहची जबाबदारी असल्याचे आश्वासन तेथे मिळते. ग्रहणाचे स्थान कान नव्हे, हृदय असे कुराण दोनदा सांगते (२:९७, २६:१९३–१९४). दरवर्षी रमजानमध्ये जिब्रील यांच्यासह उजळणी होई; अखेरच्या वर्षी ती दोनदा झाली. कुराणाबाहेरचे मार्गदर्शनही वह्यच, पण ती पठणात न येणारी, असा भेद पुढील शास्त्रकारांनी केला. पैगंबरांच्या निधनानंतर अबू बक्र व उमर हे पैगंबरांना लहानपणी सांभाळणाऱ्या उम्म ऐमन यांना भेटायला गेले, तेव्हा आकाशातून येणारी वह्य आता थांबली म्हणून मी रडते, असे त्या म्हणाल्या आणि ते दोघेही रडू लागले.

मीमांसा : फाराबी (मृ. ९५०) आणि इब्न सीना (मृ. १०३७) यांनी प्रेषिताची बुद्धी व कल्पनाशक्ती यांचा सक्रिय बुद्धीशी (मानवी बुद्धीला ज्ञान पुरवणारे दिव्य तत्त्व) होणारा संयोग, असा वह्यीचा उलगडा केला. धर्मशास्त्र्यांना तो अपुरा वाटला, कारण त्यात अल्लाहची इच्छा गौण ठरते. इब्न खल्दून (मृ. १४०६) यांनी वेगळी वाट धरली. प्रेषिताचा आत्मा निमिषभर मानवत्व सोडून देवदूतांच्या स्थितीत जातो व परततो. शारीरिक क्लेश या संक्रमणाचे आहेत आणि सवयीने ते काहीसे हलके होतात. मक्केतील अध्याय आखूड, तर मदीनेतील लांब असण्याचे कारणही त्यांनी यातच पाहिले. नववा अध्याय तबूकच्या मोहिमेत, उंटावरून जाताना सगळा किंवा बराचसा अवतरला, असा दाखला ते देतात.

अपस्माराचा तर्क बायझंटाइन इतिवृत्तकार थिओफानिझ याच्या नवव्या शतकाच्या आरंभीच्या लेखनात आढळतो. एकोणिसाव्या शतकातील काही युरोपीय अभ्यासकांनी तो किंवा त्यासारखे तर्क वैद्यकीय परिभाषेत पुन्हा मांडले. विसाव्या शतकात माँटगमरी वॉट यांनी तो निराधार ठरवला आणि ते योग्यच आहे. अपस्माराच्या झटक्यात स्मृती खंडित होते. इथे अवस्था सरताच सुसंगत वचन जसेच्या तसे सांगितले जाते आणि जिअरानाप्रमाणे प्रलंबित प्रश्नाचा निकालही दिला जातो. पाकिस्तानी विचारवंत फजलुर रहमान यांनी कुराण संपूर्णपणे अल्लाहचे वचन आहे आणि एका सामान्य अर्थाने संपूर्णपणे मुहंमदांचेही वचन आहे, असे १९६६ मध्ये मांडले. ग्रहणात पैगंबरांचे अंतःकरण गुंतलेले होते, ते केवळ ध्वनी वाहून नेत नव्हते, असा त्यांचा आशय होता. पाकिस्तानात त्यावर तीव्र वाद झाला. १९६८ मध्ये त्यांनी इस्लामी संशोधन संस्थेचे संचालकपद सोडले व पुढे ते अमेरिकेत अध्यापन करू लागले.