झाड छाटणाऱ्याची नजर लाकडावरच का जाते

मे संपत आला, वळवाची वादळं सुरू झाली की आमच्या अमळनेरात सकाळी सातलाच चेनसॉचा आवाज चालू होतो. तारांना लागलेल्या फांद्या, पत्र्यावर वाकलेला गुलमोहर, कुणाच्या तरी भिंतीत मुळं घुसलेला पिंपळ. गल्लीच्या तोंडाशी ४०७ टेम्पो उभा, एक पोरगा अनवाणी निंबावर चढलेला, कमरेला दोर, आणि खालून दुसऱ्या दोराने मशीन वर ओढून घेतोय. खालचा मुकादम ओरडतोय, "खाले कोनी ऱ्हावू नका रे भो!" हे सगळं मी लहानपणापासून बघतोय, फक्त तेव्हा मशीनच्या जागी कुऱ्हाड होती आणि ४०७ च्या जागी बैलगाडी.

आपल्याकडे झाड "छाटलं" म्हणजे ते बोडकंच होतं, असं का, हा प्रश्न मला खूप वर्षं छळत होता. उत्तर शोधायला मागं जावं लागतं, कारण हा धंदा झाडाची काळजी घ्यायला सुरू झालाच नाही, तो लाकडासाठी सुरू झाला.

१८१८ नंतर इंग्रज खानदेशात आले तेव्हा लढाया आणि लुटालुटीने गावंच्या गावं ओस पडलेली होती आणि शेतांवर जंगल चढलेलं होतं. धुळ्याची नवी पेठ वसवणारा कॅप्टन ब्रिग्ज, धरणगावला १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी करणारा आउटरम, ही सगळी त्याच काळातली नावं. पुढं शेती वाढली, जंगल मागं सरकलं. खरा लाकूडफाटा ओढला तो रेल्वेने. १८६० च्या दशकात रूळ भुसावळपर्यंत आणि १८६७ ला पार नागपूरपर्यंत गेले, रुळाखाली स्लीपर लागायचे आणि सुरवातीला इंजिनांच्या पोटात सुद्धा लाकूड जायचं, त्यात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला भाव आला म्हणून नवी जमीन फोडायची घाई वेगळीच. मग १८७८ चा जंगल कायदा आला, राखीव जंगलात कुऱ्हाड न्यायला बंदी आली, आणि लाकडाची गरज तर कमी झाली नाही. मग बांधावरची बाभूळ, रस्त्याकडेचा निंब, मळ्यातली चिंच यांच्यावर भार आला.

तेव्हा प्रत्येक झाडाचा उपयोग ठरलेला. बाभूळ गाडीच्या चाकाला आणि वखराला, निंब दाराच्या फळ्यांना, उरलेलं चुलीला, वीटभट्टीला, स्मशानात. आणि सातपुड्यातला अंजन, भारतातल्या सगळ्यात जड लाकडांपैकी एक, ज्याच्यावर आजही चेन लवकर बोथट होते. पाडायला कुऱ्हाड, फळ्या काढायला लांब आरा, ओंडका उंच मचाणावर टाकायचा, एक जण वर उभा आणि एक खाली, खालच्याच्या डोळ्यात दिवसभर भुसा. नंतर आरा मशीन आली आणि ही जोडी गेली, पण वखार राहिली. सौदा वखारीनेच ठरवला: झाड पाडणाऱ्याला मजुरी कमी, किंवा काहीच नाही, बदल्यात लाकूड त्याचं. आजही बरेच ठेकेदार याच बोलीवर येतात आणि इथंच सगळी गोम आहे, कारण ज्याची कमाई लाकडात आहे तो बारीक वाळक्या फांदीसाठी कशाला चढेल, तो मांडीएवढी फांदीच बघणार.

मशीनची गोष्ट वेगळ्याच ठिकाणी सुरू होते. साखळीने कापायची कल्पना आधी डॉक्टरांची, हाड कापायला, १८३० च्या सुमारास जर्मनीत हाइने नावाच्या माणसाने हाताने फिरवायचं तसलं अवजार केलं होतं. लाकडासाठी आन्द्रेआस श्टीलने १९२६ मध्ये विजेवर चालणारी करवत काढली, ती दोघांनी धरायची, आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरची. एका माणसाला पेलेल असं मशीन त्याच्याकडून आलं ते १९५० मध्ये. मधे अमेरिकेत जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका किड्याची अळी लाकूड डावी-उजवीकडे कशी कुरतडते ते बघून चेनच्या दातांचा आकार बदलला, १९४७ ची गोष्ट, आजच्या चेनचे दात त्याच्याच वळणाचे आहेत. आपल्याकडे चेनसॉ गल्लीगल्लीत पोचला तो फार उशिरा, स्वस्त ५८ सीसीची मशीनं बाजारात आल्यावर. पेट्रोलच्या लिटरला ४० मिली टू-टी ऑइल, चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीवर, म्हणजे बारवर, जुनं इंजिन ऑइल, आणि खिशात गोल कानस.

त्या कानशीकडे मी नेहमी बघत बसतो. पोरगा बार दोन गुडघ्यांत धरतो, प्रत्येक दाताला तीनच वेळा, एकाच दिशेने, तिरकं घासतो, एक दात सोडून पुढचा, मग मशीन फिरवून उरलेले दात दुसऱ्या बाजूने. बोटाने धार बघत नाही, भुसा बघतो, पिठासारखा पडला की परत बसतो, जाडसर चिप्स उडाल्या की उठतो. हे त्याला कुठल्या ट्रेनिंगने शिकवलेलं नाही. हेल्मेट, जाड पँट, कानाला लावायचे मफ हे पण कुणी दिलेलं नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

कायदे आले. १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्यात १६ झाडं यादीत घातली, त्यात आपले साग, मोह, चिंच, आंबा, अंजन सगळे आहेत, पण निंब नाही. शहरांसाठी १९७५ चा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण, २०२१ ला त्यात ५० वर्षांपुढच्या झाडांना हेरिटेजचा दर्जा. हे सगळे कायदे मुख्यतः झाड तोडू द्यायचं की नाही यावर भांडतात. छाटायचं कसं, हे त्या पोराला कोणी सांगत नाही.

ते सांगणारं शास्त्र १९७० च्या दशकात आलं, अमेरिकेतल्या वनखात्याच्या ॲलेक्स शायगोने हजारो खोडं चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड ती आतून भिंती घालून बंद करतं. फांदी खोडाला मिळते तिथं फुगीर गळपट्टी असते, काप तिच्या बाहेरून घ्यायचा. खोडाला चिकटून कापलं तर ती भिंतच बसत नाही, सड आत जाते, वरून गेरू-चुना कितीही लावा. जड फांदी तीन कापांत घ्यायची, पहिला खालून, दुसरा थोडा पुढं वरून, मग उरलेला खुंट, नाहीतर साल पार खोडापर्यंत सोलत खाली येते. आमच्या कोपऱ्यावरचा निंब असाच गेला. सात वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने लाकडाच्या बोलीवर दोन मोठ्या फांद्या खोडालगत उडवल्या, जागेवर ढोली पडली, आणि मागच्या जूनच्या वादळात झाड उभं चिरलं.

यंदा मारुतीच्या पारावरच्या झाडासाठी गल्लीने वर्गणी काढली. मुकादमाला रोख मजुरी ठरवून दिली आणि लाकूड आम्ही ठेवणार असं आधीच सांगितलं. तो थोडा थांबला, मग वर बघून पोराला म्हणाला, वाळकंच काढ रे. तीन तास लागले, एरवी एका तासात उरकतं. लाकूड जेमतेम अर्धी ट्रॉली निघालं, ते स्मशानभूमीत पोचवलं, आणि मारुतीच्या पारावर दुपारी सावली होती तेवढीच आहे.