कोरी मासा (कोरीडोरस) फिश टँकची घाण खात नाही हो!

दुकानात सर्रास सांगतात, "एक कोरी टाका, खालची सगळी घाण खाऊन टाकेल", आणि आपण पण एकच घेऊन येतो. अहो, कोरीडोरस शी-बी काही खात नाही, दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांच्या तळाशी वाळूत तोंड खुपसून तो किडे-अळ्या शोधतो, तेच आपल्याकडे करतो म्हणून वाटतं सफाई चाललीय. उरलंसुरलं खाणं मिळालं तर खातो, पण वर पोहणारे छोटे टेट्रा मासे काही उरू देतात का? लाईट बंद केल्यावर खाण्याच्या बुडणाऱ्या गोळ्या टाका, किमान सहा जण ठेवा, एकटा बिचारा कोपऱ्यात दबून बसतो. आणि गंमत बघा, तळाशी घाण साचली की त्याच्याच मिशा झडतात! मधेच सुर्रकन वर येऊन हवा गिळतो ते नॉर्मल आहे, आतड्यातून श्वास घेतो तो. सायफन मात्र, म्हणजे नळीने तळाची घाण ओढून काढणं, तुम्हालाच मारायचाय.