टाके निघाले, पण जखम भरली का?

टाके निघाले की माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि दुसऱ्याच दिवशी भरलेली बादली उचलतो. टाके निघणं वेगळं आणि जखम भरून येणं वेगळं; पण घरोघरी या दोन्हींची गल्लत होते.

टाके कधी काढायचे हे वरची कातडी सांधली की ठरतं. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे तिथले टाके साधारण ५ दिवसांत निघतात. डोक्याचे आणि पोटाचे ७ ते १० दिवसांत, हातापायांचे १० ते १४ दिवसांत. गुडघा सतत वाकतो, तळपायावर भार येतो, म्हणून तिथे बहुतेकदा पूर्ण दोन आठवडे. "राहू देत अजून चार दिवस" म्हणून टाळाटाळ करू नका. टाके जास्त दिवस राहिले की कातडीवर शिडीसारख्या आडव्या खुणा उमटतात. आतले विरघळणारे टाके काढावे लागत नाहीत.

घरी कात्रीने टाके काढू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. डॉक्टर चिमट्याने गाठ उचलतात, गाठीखाली कातडीला अगदी लागून धागा कापतात आणि मग ओढतात. बाहेर राहिलेला मळका धागा जखमेतून आत जाऊ नये, म्हणून ही काळजी.

आता जखम भरणं. वरून रेघ मिटलेली दिसते, पण आतलं काम नुकतंच सुरू झालेलं असतं. दोन आठवड्यांनी त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या पाव भागाइतकीही नसते. तीन महिन्यांनी ती सुमारे ८० टक्क्यांवर पोहोचते आणि पूर्वीइतकी कधीच होत नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर दीड महिना जड उचलू नका, असं सांगतात ते यासाठीच. मधुमेह असेल किंवा सिगारेट ओढत असाल, तर भरायला आणखी वेळ लागतो.

जखम धुवायला डॉक्टरांनी परवानगी दिली की साधं पाणी पुरतं. नंतर चोळू नका, टिपून कोरडी करा. पावडर किंवा घरगुती लेप नको. खाज सुटली तरी खपली उकरू नका. कडेला किंचित लाली आणि ओढ पहिले काही दिवस चालते. लाली पसरत गेली, जखम ठणकू लागली, पू आला, ताप चढला किंवा जखम उसवली, तर दिलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.