तारण आणि मरणोत्तर जीवन (कॅथलिक शिकवण)

तारण (पापापासून मुक्ती), स्वर्ग, नरक आणि शुद्धिस्थान (स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होण्याची अवस्था) यांविषयीची कॅथलिक ख्रिस्तसभेची (चर्चची) शिकवण. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपासून (१९६२–६५ची जगभरच्या बिशपांची सभा) ही शिकवण बदलली का, असे वारंवार विचारले जाते. पुण्यात हा प्रश्न रामवाडीच्या ज्ञानदीप विद्यापीठातील (ख्रिस्ती ईशज्ञान शिकवणाऱ्या संस्थेतील) वर्गांपुरता नाही. आजी-आजोबा हिंदू म्हणून वारले आणि नातवंडे मिस्सेला (चर्चमधील मुख्य उपासनेला) जातात, अशा घरांत तो जिव्हाळ्याचा आहे.

गाभा बदललेला नाही. तारण ख्रिस्ताद्वारेच होते, मृत्यूनंतर लगेच प्रत्येकाचा न्याय होतो, नरक आहे आणि तो कायमचा आहे. शुद्धिस्थानही आहे, पण ती दुसरी संधी नव्हे: तिथला आत्मा तरलेलाच असतो, शुद्ध होणे तेवढे बाकी असते. लियों (१२७४), फ्लॉरेन्स (१४३९) आणि ट्रेंट (१५६३) या परिषदांनी शुद्धिस्थानाविषयी हे ठरवले. तिथे किती काळ राहावे लागते, याचा हिशेब त्यांनी दिलेला नाही.

खरा पेच ‘ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही’ या सूत्राचा. फ्लॉरेन्स परिषदेच्या १४४२च्या फर्मानानुसार मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी आणि फुटीर लोक मरणापूर्वी ख्रिस्तसभेत आले नाहीत, तर शाश्वत अग्नीत जातात. १८६३मध्ये पोप नववे पायस यांनी लिहिले, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्तधर्म कळला नाही आणि जे सदाचाराने जगतात, ते देवाच्या कृपेने तरू शकतात. बोस्टनचे धर्मगुरू लेनर्ड फीनी सूत्राचा कठोर अर्थ लावत. रोमने १९४९च्या पत्रात तो अर्थ नाकारला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४च्या ‘लुमेन जेन्शियम’ या दस्तऐवजाने (परिच्छेद १६) हीच वाट रुंद केली. तरी सगळे धर्म तारणाचे सारखेच मार्ग आहेत, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. २००० सालच्या ‘दोमिनुस येझुस’ या रोमच्या घोषणापत्राने ते पुन्हा बजावले. सुवार्ता एव्हाना सर्वांपर्यंत पोहोचली आहे, असे पंधराव्या शतकात गृहीत धरले जाई, हे स्पष्टीकरण बरेचसे पटते. तरीही १४४२ आणि १९६४ची वाक्ये शेजारी ठेवल्यावर फरक दिसत नाही, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे नाही.

लिंबोची गोष्ट वेगळी. लिंबो म्हणजे स्वर्गाबाहेरची, पण यातना नसलेली अवस्था. स्नानसंस्काराविना (बाप्तिस्म्याविना) मेलेली बालके तिथे जातात, हे शतकानुशतके शिकवले गेले, पण तो धर्मसिद्धान्त कधीच नव्हता. त्या बालकांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे, असे आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने २००७मध्ये मांडले. अनेक आयांच्या मनावरचे ओझे त्याने हलके झाले. आईवडिलांचा स्नानसंस्कार देण्याचा इरादा होता, तर १९८३च्या धर्मसंहितेनुसार बिशपांच्या परवानगीने अशा बाळाचा ख्रिस्ती अंत्यविधी करता येतो. आत्महत्या केलेल्यांना चर्चचा अंत्यविधी नाकारणारे १९१७च्या संहितेतील कलमही नव्या संहितेत नाही.

जुन्या प्रार्थनापुस्तकांत प्रार्थनेखाली ‘३०० दिवस’ असे छापलेले असते. शुद्धिस्थानातले तेवढे दिवस कमी होतात, हा त्याचा अर्थ नव्हे. ख्रिस्तसभेच्या आद्य काळातील तेवढ्या दिवसांच्या प्रायश्चित्ताइतकी दंडमाफी (क्षमा झालेल्या पापाच्या उरलेल्या शिक्षेतून सूट), असा आहे. पोप सहावे पॉल यांनी १९६७मध्ये ही मोजणीच बंद केली. आता माफी पूर्ण किंवा अंशतः एवढीच असते. १ ते ८ नोव्हेंबरदरम्यान दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केल्यास त्यांच्यासाठी पूर्ण माफी मिळवता येते, दिवसाला एकच. त्यासाठी पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली), ख्रिस्तशरीर-स्वीकार (मिस्सेतील पवित्र भाकर घेणे) आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना हवी. पापनिवेदन आधी किंवा नंतर सुमारे २० दिवसांत झाले तरी चालते. बहुतेकांचे अडते ते चौथ्या अटीवर: कोणत्याही पापाची, अगदी क्षुल्लक पापाचीही, ओढ मनात उरता कामा नये. ती उरली तर माफी अंशतःच मिळते.

हिंदू आजोबांसाठी मिस्सा अर्पण करता येते का? येते, धर्मसंहितेच्या ९०१व्या कलमानुसार धर्मगुरू कोणाही जिवंत वा मृत व्यक्तीसाठी मिस्सा अर्पण करू शकतो. दहनालाही १९६३पासून मुभा आहे. मात्र २०१६च्या आदेशानुसार रक्षा पवित्र जागी ठेवावी लागते. आळंदीला इंद्रायणीत सोडण्याची रीत मिश्र कुटुंबांत सहज पुढे येते. कॅथलिक मृताच्या बाबतीत ती चालत नाही, म्हणून दहनाआधीच धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) फादरांशी बोलून घ्यावे.