उपग्रहाचं चित्र की रडारचं? पावसाच्या नकाशातले दोन लाल रंग

जून उजाडला की व्हॉट्सअ‍ॅपवर पावसाचे रंगीत नकाशे फिरू लागतात. ‘लाल पट्टा आपल्याकडे सरकतोय’ असं कुणीतरी खाली लिहितं आणि घराघरांत काळजी सुरू होते. यातली काही चित्रं उपग्रहाची असतात, काही रडारची. लाल दोन्हींत दिसतो, पण त्याचा अर्थ एक नाही. बहुतेक रंगीत उपग्रह-चित्रांत लाल म्हणजे ढगाचा अतिथंड माथा. रडारच्या चित्रात लाल म्हणजे ढगातल्या थेंबांवर आपटून जोरात परत आलेला संकेत.

इन्सॅट मालिकेतले हवामान उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहेत आणि पृथ्वीबरोबरच फिरतात. म्हणून भारतावरची त्यांची नजर हलत नाही. अरबी समुद्रातलं चक्रीवादळ किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असतानाच दिसतं ते त्यांच्यामुळे. रात्री ते इन्फ्रारेडमध्ये पाहतात, म्हणजे ढगाच्या माथ्यावरून येणारी उष्णता मोजतात. माथा जितका थंड, तितका ढग उंच. गच्चीवरून घर पाहावं तसं हे आहे: गच्ची किती उंच ते कळतं, आत काय चाललंय ते नाही. वादळी ढग बरसून संपला तरी त्याच्या माथ्यावरचा बर्फकणांचा पसारा कितीतरी वेळ वाऱ्याबरोबर पसरत राहतो. चित्रात तिथे गडद रंग असतो आणि खाली जमिनीवर थेंबही पडत नसतो.

रडार जमिनीवरून ढगाच्या पोटात पाहतं. ते सूक्ष्मलहरी सोडतं. त्या थेंबांवर आपटून परत येतात. परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं, जोरावरून पाऊस किती ते कळतं. डॉप्लर रडारला तर थेंब आपल्याकडे येतायत की दूर जातायत हेही समजतं, त्यावरून ढगातला वारा ओळखता येतो. इथे एक गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की परत येणारा संकेत ६४ पट होतो. त्यामुळे मोजके टपोरे थेंब किंवा गारा चित्र लाल करून टाकतात, आणि बारीक थेंबांचा दाट, न थांबणारा पाऊस त्यामानाने फिका दिसतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला अवघा ७३. एवढ्या कमी अंतरातला एवढा फरक वेळेत टिपायचा तर दर काही मिनिटांनी ढगाच्या आत पाहायला हवं. मुंबईत तेव्हा डॉप्लर रडार नव्हतं. ते पुढे कुलाब्याला बसलं आणि २०२२ मध्ये वेरावलीला दुसरं आलं. माझ्या मते शहरासाठी यापेक्षा मोलाचा खर्च क्वचितच झाला असेल.

पण मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवतो तो सह्याद्री. ढग जितका उंच तितका पाऊस मोठा, असं सहज वाटतं आणि उपग्रहाच्या इन्फ्रारेड चित्रांनी ती समजूत पक्कीच केली असती. मग १९९७ मध्ये अमेरिका आणि जपान यांचा टीआरएमएम हा उपग्रह पाऊस मोजणारं रडार घेऊनच अवकाशात गेला. त्याच्या नोंदींतून पश्चिम किनाऱ्याचं वेगळेपण ठळक झालं: बंगालच्या उपसागरावरच्या ढगांच्या मानाने इथले ढग बुटके, पण पाऊस भरपूर. समुद्रावरचा ओला वारा घाटाला धडकून वर चढतो, तिथल्या तिथे थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि ढग फार उंच न जाताच बरसतो. इन्फ्रारेड चित्रात असा ढग साधा, फिकट करडा दिसतो. महाबळेश्वर त्याच्याखाली भिजून निघत असतं.

बुटका ढग रडारलाही चकवतो. रडारचा झोत सरळ जातो, पृथ्वी मात्र खाली वळत जाते. अर्ध्या अंशावर सोडलेला झोत २०० किलोमीटरवर पोहोचेपर्यंत जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर वर गेलेला असतो, त्याच्याखालचा पाऊस निसटतो. मध्ये डोंगर आला तर पलीकडचं दिसतच नाही. म्हणून रडारच्या चित्रात दूरवर कोरा दिसणारा भाग कोरडा असेलच असं नाही.

उद्या-परवाची मोठी हालचाल पाहायची असेल तर उपग्रह. पुढच्या तासा-दोन तासांत छत्री लागेल का, हे पाहायचं तर जवळचं रडार. हवामान खात्याच्या ‘मॅक्स झेड’ या रडार-चित्रात नकाशाच्या वर आणि बाजूला एकेक अरुंद पट्टी असते, तीही बघा. तिच्यात ढगातला पाऊस किती उंचीपर्यंत आहे ते दिसतं. रंग बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत चढलेला असेल तर विजांची शक्यता मोठी असते, तेव्हा शेतातून वेळीच घरी परता. पट्टीत रंग खालीच असेल आणि तुम्ही घाटात असाल, तरी दरडीच्या रस्त्यावर गाडी घालू नका.